पिमोबेंडान: आमच्या मोतीच्या हृदयाला बावीस महिने हात देणारी गोळी

खानापूरजवळच्या आमच्या घरी मोती नावाचा पांढरा कुत्रा आहे. जात स्पिट्झ, पण आमच्या भागात अशा प्रत्येक कुत्र्याला लोक पॉमेरियनच म्हणतात. त्याचे वय १२ वर्षे आणि वजन १० किलो आहे. गेले २२ महिने तो रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता पिमोबेंडानची २.५ मिलिग्रॅमची एक गोळी खातो. ५० गोळ्यांची बाटली २५ दिवस पुरते, त्या हिशेबाने सध्या सत्ताविसावी बाटली चालू आहे. हे औषध सुरू करण्याची वेळ आली तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात त्याविषयी मराठीतून नीट सांगणारे लेखन मला कुठे सापडले नव्हते. बाटलीबरोबरचा कागद इंग्रजीत होता, दुकानदार कन्नडमध्ये समजावत होता आणि घरी सौभाग्यवती विचारत होती की ही गोळी नेमके करते तरी काय. ज्यांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोणत्या कंपनीची बाटली आम्ही वापरतो ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण हा अभिप्राय औषधाविषयी आहे. व्हेटमेडिन या नावाने बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने ते जगभर पोहोचवले आणि आता इतर कंपन्याही ते बनवतात, एवढे सांगणे पुरेसे आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. रेबीजच्या वार्षिक लसीसाठी मोतीला बेळगावला नेले होते. लस टोचण्याआधी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि तो नेहमीपेक्षा बराच वेळ तिथेच धरून ठेवला. हृदयाच्या ठोक्यांबरोबर रक्त मागे फिरल्याचा आवाज येतो आहे, सहापैकी चौथ्या श्रेणीचा, असे ते म्हणाले. मोती तेव्हा खात होता, भुंकत होता, अंगणातल्या खारींमागे धावत होता. मला वाटले, आता लगेच औषध लिहून देतील. ते म्हणाले, "सर, गोळी आज लिहून देता येईल, पण स्कॅन बघितल्याशिवाय मी ती देणार नाही." त्या दिवशी मला ते वाक्य अडवणुकीचे वाटले होते. आज मी त्यांचा ऋणी आहे.

म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, म्हणजे मायट्रल झडप, जाड आणि वेडीवाकडी होते. ती पूर्ण मिटत नाही. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त पुढे शरीरात जाण्याऐवजी मागे डाव्या वरच्या कप्प्यात जाते. तो कप्पा वर्षानुवर्षे ताणला जाऊन मोठा होतो, दाब फुप्फुसांच्या शिरांपर्यंत मागे सरकतो आणि एक दिवस फुप्फुसांत पाणी उतरते. आवाज ऐकू येणे आणि पाणी उतरणे यांच्यामध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात, आणि कित्येक कुत्र्यांच्या बाबतीत ती वेळ कधी येतही नाही. म्हणूनच नुसत्या आवाजावर गोळी सुरू करायची नसते. पशुवैद्यकातील हृदयतज्ज्ञांनी २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजाराचे टप्पे मांडले आहेत. आवाज आहे पण हृदय वाढलेले नाही, तो बी-१. आवाज आहे आणि हृदय ठरावीक मापापलीकडे वाढले आहे, तो बी-२. पाणी उतरले, तो सी, आणि नेहमीच्या औषधांना दाद मिळेनाशी झाली, तो डी. बी-१ मध्ये गोळी द्यायची नाही, बी-२ मध्ये द्यायची, हा या सगळ्याचा गाभा आहे. त्यासाठी डावा वरचा कप्पा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, किमान १.६ पट असावा, डाव्या खालच्या कप्प्याचे वजनाच्या मानाने काढलेले माप किमान १.७ असावे आणि क्ष-किरण चित्रात मणक्यांच्या मापाने मोजलेले हृदय १०.५ पेक्षा मोठे दिसावे, असे निकष त्यात आहेत.

आमच्या डॉक्टरांकडे तेव्हा हृदयाच्या स्कॅनची सोय नव्हती, त्यामुळे आम्ही कोल्हापूर गाठले. मागच्या सीटवर मोती, शेजारी पाण्याची बाटली, आणि तवंदीचा घाट उतरताना त्याचे धापा टाकणे बघून माझाच जीव वरखाली होत होता. स्कॅनमध्ये कप्प्याचे प्रमाण १.८ निघाले, बाकीची दोन्ही मापेही हद्दीपलीकडे होती. मोती बी-२ मध्ये होता. परत येताना निपाणीत चहाला थांबलो तेव्हा मनातली भीती कमी झाली नव्हती, पण तिला निदान एक नाव मिळाले होते.

आता औषधाकडे. हृदयाच्या स्नायूला आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. जुनी, आकुंचन वाढवणारी बहुतेक औषधे पेशीतील कॅल्शियम वाढवून काम साधतात. त्याने ठोका जोरदार होतो, पण स्नायूची प्राणवायूची भूक वाढते आणि ठोके बिघडण्याचा धोकाही वाढतो. पिमोबेंडानचा मुख्य मार्ग वेगळा आहे. स्नायूतील ट्रोपोनिन-सी नावाचे प्रथिन जे कॅल्शियम पकडते, त्याची पकड ही गोळी वाढवते, म्हणजे आहे त्याच कॅल्शियममध्ये आकुंचन अधिक चांगले होते. शिवाय फॉस्फोडायएस्टरेज-३ या विकराला अडवून ती धमन्या आणि शिरा दोन्ही सैल करते, त्यामुळे हृदयाला ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचे तो दाब कमी होतो. सौभाग्यवतीला मी हे रहाटाच्या उदाहरणाने सांगितले: विहिरीवर ओढणाऱ्याच्या हातात बळ आले आणि त्याच वेळी घागरही हलकी झाली. मात्र झडप या गोळीने दुरुस्त होत नाही. गळणारी झडप गळतच राहते, हे पहिल्या दिवशीच मनाला समजावून ठेवावे लागते.

या गोळीच्या बाजूने असलेला पुरावा भक्कम आहे, आणि माझ्या मते पशुवैद्यकातील फार थोड्या औषधांना इतका चांगला पुरावा लाभला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या क्वेस्ट अभ्यासात फुप्फुसांत पाणी उतरून गेलेल्या २६० कुत्र्यांना पिमोबेंडान किंवा बेनाझेप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) यांपैकी एक दिले होते. हृदयामुळे मृत्यू येणे किंवा उपचार अपुरे पडणे, इथपर्यंतचा मध्यक काळ पिमोबेंडानवर २६७ दिवस आणि बेनाझेप्रिलवर १४० दिवस निघाला. त्यानंतर २०१६ चा एपिक अभ्यास आला, तो थेट आमच्या मोतीसारख्यांचा: ३६० कुत्री, सगळी बी-२ मधली, लक्षणे नसलेली, साधारण ४ ते १५ किलो वजनाची. पिमोबेंडान घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्यापर्यंतचा किंवा हृदयामुळे मृत्यू येण्यापर्यंतचा मध्यक काळ १२२८ दिवस आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये ७६६ दिवस होता, म्हणजे सुमारे १५ महिन्यांचा फरक. मध्येच केलेल्या पडताळणीत फायदा इतका स्पष्ट दिसला की तो अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आला. मोठ्या जातींचा, विशेषतः डोबरमनचा, आजार निराळा असतो. त्यांच्यात स्नायूच पातळ आणि दुबळा होतो. पण तिथेही २०१२ च्या प्रोटेक्ट अभ्यासात ७६ डोबरमनांमध्ये हाच काळ ७१८ दिवस विरुद्ध ४४१ दिवस असा निघाला.

प्रत्यक्ष वापराचा अनुभव सांगायचा तर गोळी चवदार आहे आणि मोती ती हातातून आनंदाने घेतो. हीच गोष्ट धोक्याचीही आहे. बाटली खाली राहिली तर कुत्रा ती फोडून सगळ्या गोळ्या संपवेल. जास्त मात्रेने उलट्या होतात, ठोके वाढतात आणि रक्तदाब उतरतो. आमची बाटली देवघराच्या वरच्या फळीवर असते. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या सुमारे तासभर आधी द्यावी लागते, कारण अन्नाबरोबर ती शरीरात कमी शोषली जाते. पहिल्या महिन्यात आम्ही ती पोळीच्या तुकड्यात गुंडाळून देत होतो आणि लगेच जेवण वाढत होतो. ती आमची चूक होती, डॉक्टरांच्या विचारण्यातून ती उघडकीस आली. दोन मात्रांमध्ये बारा तासांचे अंतर ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. खानापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या मिठालाही पाणी सुटते, म्हणून बाटलीचे झाकण घट्ट लावून ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे. दुष्परिणाम म्हणून पहिल्या आठवड्यात मोतीला दोन दिवस पातळ शी झाली, नंतर काही नाही. भूक कमी होणे, उलटी, अस्वस्थता हेही काही कुत्र्यांत दिसते.

मात्रा साधारणपणे किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मोतीचे वजन १० किलो असल्याने आमचा हिशेब सोपा होता. तरीही एका दुकानात २.५ ची बाटली संपली होती म्हणून मला १० मिलिग्रॅमची बाटली पुढे करण्यात आली आणि "चार तुकडे करा की" असा सल्ला मिळाला. मी घेतली नाही. त्या गोळीवर एकच खाच होती, ती दोन अर्ध्या भागांसाठी. सुरीने चार तुकडे केले तर एक तुकडा मोठा, एक लहान आणि उरलेला चुरा, अशीच गत होते. हृदयाच्या औषधात असा अंदाजपंचे कारभार चालत नाही. ५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी मात्र मी अडचणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे वापरली आणि ती व्यवस्थित चालली.

सतरा महिने मोती उत्तम राहिला. सहा महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या स्कॅनमध्ये कप्पा वाढला नव्हता, उलट किंचित लहान दिसला. एपिकमधील कुत्र्यांतही औषध सुरू केल्यावर हृदयाचा आकार थोडा कमी झाल्याचे आढळले होते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचे आश्चर्य वाटले नाही, मला मात्र त्या दिवशी बाजारातून पेढे आणावेसे वाटले आणि मी आणले. मग गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या झोपेतल्या श्वासांचा आकडा ४२ आला.

या आकड्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बावीस महिन्यांत गोळीइतकाच उपयोग आम्हाला या मोजणीचा झाला. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचे. ३० च्या आत असेल तर बहुधा ठीक, सातत्याने त्याच्या वर जाऊ लागला तर फुप्फुसांत पाणी उतरत असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. सौभाग्यवतीने दुधाचा हिशेब जसा लिहितात तसा कालनिर्णयच्या रोजच्या चौकोनात हा आकडा लिहायला सुरुवात केली. मोतीचा नेहमीचा आकडा २० ते २४ असे. त्या आठवड्यात चौकोनांतून २६, २९, ३३ असे आकडे चढत गेलेले आम्ही पाहिले होते, पण पावसाळी हवा आहे, दमट आहे, म्हणून दोन दिवस वाट पाहिली. ती वाट पाहायला नको होती. ४२ आल्यावर भर पावसात बेळगाव गाठले, क्ष-किरण चित्रात पाणी दिसले, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन आणि प्राणवायू मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोती घरी आला. तेव्हापासून पिमोबेंडानच्या जोडीला फ्युरोसेमाइड, बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन आहे, आणि मूत्रपिंड व क्षार तपासण्यासाठी ठरावीक अंतराने रक्त काढतात. म्हणजे गोळी असूनही आजार पुढे गेला. कोणी मला विचारले की मग गोळीने काय केले, तर मी कालनिर्णयची सतरा पाने त्याच्यासमोर ठेवीन. त्या प्रत्येक दिवशी मोती आपल्या पायांनी अंगणात हिंडला आहे.

आकुंचन वाढवणाऱ्या बाकीच्या औषधांविषयी थोडक्यात सांगतो. सगळ्यात जुने डिजॉक्सिन, डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली त्या वनस्पतीच्या उपयोगाविषयी लिहिले. पेशीच्या भिंतीवरील सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवून ते काम करते. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात फार थोडे अंतर असल्याने आज कुत्र्यांत ते आकुंचनासाठी क्वचितच वापरतात. वरचे कप्पे थरथरू लागून ठोके अनियमित व जलद झाले तर वेग आवरण्यासाठी, बहुधा डिल्टियाझेमच्या जोडीने ते देतात. ते माणसांच्या औषध दुकानात सहज मिळते आणि स्वस्त असते, म्हणून कोणी आपल्या मनाने ते पिमोबेंडानऐवजी देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या अंगणातली कण्हेर आणि बिट्टी याच जातकुळीचे विष पोटात बाळगून असतात. छाटलेली कण्हेर गोठ्यात पडून जनावर दगावल्याचे आमच्या भागात जुन्या माणसांना माहीत आहे. ते जनावर दगावते ते याच पंपामुळे. दुसरे औषध डोब्युटामाइन. ते शिरेतून थेंबाथेंबाने, ईसीजी लावून, दवाखान्यातच द्यायचे असते. त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो आणि दोन-तीन दिवसांनी शरीर त्याला सरावते. त्यामुळे ते संकटाच्या वेळचे औषध आहे, घरचे नव्हे.

गेल्या दिवाळीत शेजारच्या गल्लीतले एक दूध उत्पादक घरी आले आणि म्हणाले, "सर, मोतीची ती गोळी आमच्या म्हशीला चालते काय ओ?" म्हशीच्या मानेखालच्या पोळीत पाणी साचले होते, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या आणि ती उतार चढताना कण्हत होती. हृदयाचे दुखणे आहे एवढे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण गायी-म्हशींमध्ये अशा लक्षणांमागे बहुतेकदा चाऱ्यातून गिळलेली तार किंवा खिळा असतो. तो पोटाच्या जाळीदार कप्प्यातून पडदा भेदून पुढे जातो आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत पू होतो. तिथे हृदयाला आकुंचनाचे बळ देऊन काही साधत नाही, कारण बाहेरून दाबले गेल्याने ते आधी भरतच नाही. शिवाय ज्या जनावराचे दूध घराघरांत जाते त्याला कुत्र्यांसाठीचे औषध आपल्या मनाने देणे सर्वस्वी चूक आहे. मी त्यांना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले. निदान तारेचेच निघाले आणि ती म्हैस वाचली नाही. त्यांच्या उरलेल्या दोन म्हशींच्या पोटात आता लोहचुंबक सोडलेले आहे, आणि कडब्याच्या पेंढ्या बांधायला ते तार वापरत नाहीत.

कुत्र्यांतही ही गोळी सगळ्यांना चालत नाही. ज्या आजारात हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाटच अरुंद झालेली असते, उदाहरणार्थ महारोहिणीचे मुख आकसलेले असेल, किंवा स्नायू प्रमाणाबाहेर जाड झालेला असेल, तिथे जोराने आकुंचन करवणे घातक ठरू शकते. मांजरांमध्ये जाड स्नायूचाच आजार अधिक आढळतो, म्हणून कुत्र्याची उरलेली बाटली मांजराला देण्याचा मोह टाळावा. डॉक्टरांनी स्कॅनशिवाय गोळी नाकारली ती याच कारणासाठी. बेळगावात आणि इतरत्र नुसता आवाज ऐकून किंवा नुसत्या खोकल्यावर ही गोळी सुरू केलेली दोन-तीन कुत्री मला ठाऊक आहेत. त्यांपैकी एकाचे हृदय स्कॅनमध्ये पूर्ण चांगले निघाले, खोकला श्वासनलिकेचा होता. मालकाने आठ महिने व्यर्थ खर्च केला.

खर्च हा या औषधाचा मोठा दोष आहे. एका बाटलीला आमच्या घरच्या महिन्याच्या दुधापेक्षा जास्त पैसे जातात आणि औषध जन्मभराचे आहे. माझी पेन्शन आहे म्हणून निभावते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने आपल्या कुत्र्यासाठी हे परवडत नाही म्हटले तर त्याच्या मायेवर शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरा दोष उपलब्धतेचा. खानापुरात मला ते मिळाले नाही, बेळगावातही हवी ती ताकद दर वेळी मिळत नाही, आणि पावसाळ्यात रस्ते बंद झाले की माल आणखी लांबतो. गोळी अचानक बंद पडणे वाढलेल्या आजारात जिवावर बेतू शकते, म्हणून मी नेहमी एक पूर्ण बाटली शिल्लक ठेवतो आणि चालू बाटलीत वीस गोळ्या उरल्या की पुढची सांगतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर औषधाच्या गुणाला पाच, किंमत आणि पुरवठ्याला दोन, असे मी वेगवेगळे देईन. त्यांची सरासरी काढणे मला पटत नाही, कारण ज्या कुत्र्याला ही गोळी खरोखर लागते त्याला तिच्याऐवजी देण्यासारखी दुसरी गोळी आज नाही. काल रात्री मोतीचा आकडा २३ होता. बाटलीत बावीस गोळ्या उरल्या आहेत, तेव्हा उद्या संध्याकाळची गोळी घालण्याआधी बेळगावला फोन करून पुढची बाटली सांगायची आहे.